सुपारीवरचा पोकर

आमच्या घरामागे नारळाच्या सोडणांचा एक ढीग आहे. तो कोणी मुद्दाम रचलेला नाही. नारळ सोलायचा, सोडण मागे भिरकावायचं, एवढंच. वर्षभराने बघावं तर डोंगर! किश्श्यांचंही असंच होतं. ते कोणी जमवत नाही, ते साठतात.

आणि नवी सून घरात आली की त्या ढिगाला गिऱ्हाईक मिळतं. बाकी सगळ्यांना किस्से पाठ झालेले असतात, सांगणाऱ्याच्या आधी तेच हसतात. त्यात मी कमी बोलणारी. मधेच तोडणार नाही, ‘हे ऐकलंय’ म्हणणार नाही. लग्न होऊन दिवेआगरला आले आणि पहिल्या महिन्याभरात आमच्या पडवीतल्या पोकरचा सगळा इतिहास माझ्या पदरात पडला.

हो, पोकर. तीन पत्ती नाही, रमी नाही. माझे चुलतसासरे बापूकाका उभी हयात मालवाहू बोटींवर आचारी होते. बाकीच्यांनी परदेशातून घड्याळं आणली, अत्तरं आणली, काकांनी हा खेळ आणला. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की पडवीत टेबल मांडलं जातं. बापूकाका, रिक्षावाले निसारभाई, होडीवाले जनूभाऊ, रिटायर झालेले गणिताचे नाईक सर आणि पाचवा माझा नवरा मंदार. पैशाला सक्त मनाई. डाव सुपारीवर! प्रत्येकापुढे एक परडी, परडीत वाडीतल्या सुपाऱ्या. ज्याला सगळंच पणाला लावायचं त्याने परडी टेबलावर उपडी करायची.

माहेरी पेणला आमच्याकडे सुट्टीत मेंढीकोट रंगायचा, त्यामुळे पत्ते दिसले की माझे हात शिवशिवतात. पहिल्याच रविवारी मी धीर करून म्हटलं, “काका, मलाही शिकायचंय.”

“अगं मग बस की! कोण नाही म्हणतंय?” बापूकाका म्हणाले. “पण जागा कुठाय? टेबलाला खुर्च्या पाच, माणसं पाच. जागा झाली की बघू.”

पडवीच्या कोपऱ्यात होम-स्टेच्या पाहुण्यांसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून माझ्या खांद्यापर्यंत रचून ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. मग ते पानं पिसायला लागले.

मी चहा टाकायला आत गेले. पण आधण उकळेपर्यंत ठरवून टाकलं. या टेबलावर बसायचं. आज नाही तर पुढच्या महिन्यात, पण बसायचंच!

०

तर पहिला किस्सा अर्थातच बोटीवरचा. काकांच्या बोटीवर असा नियम होता की जो जिंकेल त्याच्या गावचं जेवण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खायचं. कॅप्टन जिंकला की बटाटे उकडलेले. इंजिनियर जिंकला की बटाटे भाजलेले. काका करून करून वैतागले.

एकदा भर समुद्रात काकांना पानं लागली. साक्षात कॅप्टनची परडी उपडी! (बोटीवर परडी नव्हती हो, पण काका असंच सांगतात.) झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ट्रंकेच्या तळातून ठेवणीतले सुके बोंबील काढले आणि तव्यावर टाकले.

एसीच्या नळ्यांमधून तो वास इंजिनरूमपासून कॅप्टनच्या केबिनपर्यंत पोचला. कुठे वायर जळतेय म्हणून दोघं जण आग विझवायचं सामान घेऊन धावले. जेवायला मात्र नियमाप्रमाणे सगळ्यांना बसावंच लागलं.

संध्याकाळी कॅप्टनने फळ्यावर सूचना लावली: ‘बोटीवर पोकरला परवानगी आहे. बोंबलांना नाही.’

०

खेळ न कळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती फक्त त्याची. टेबलावर मधे पाच पानं हळूहळू उघडतात, ती सगळ्यांची. या सातांतून ज्याची पाच सर्वांत भारी जमतील त्याचा डाव. मधे मधे सुपाऱ्या वाढवायच्या. परवडत नसेल त्याने पानं टाकायची, म्हणजे पॅक व्हायचं. आणि मुख्य गंमत अशी की हातात काही नसलं तरी खूप काही असल्यासारखं वागायचं.

हे शेवटचं सासरी आलेल्या मुलीला कोणी शिकवावं लागत नाही.

०

आता निसारभाई. माणूस दिलदार, रिक्षा जुनी, आणि तोंडात सुपारी कायम. खिशात अडकित्ता. पूर्वी डावाला सोललेली सुपारी असायची. आमच्याकडची रोठा सुपारी, एकदम सुरेख!

एकदा निसारभाईंना पानं आली, आणि कशी? चार एक्के! आयुष्यात एकदा येतात अशी. चेहरा मात्र रिक्षा बंद पडल्यासारखा. समोर बापूकाका तावात येऊन वाढवतायत, नाईक सर वाढवतायत, टेबलावर ढीग लागलाय. निसारभाई गप्प. विचार करतायत. हाताला चाळा म्हणून अडकित्ता चालू. कट्, कट्, कट्.

शेवटी काकांनी डिवचलं, “काय भाई, दम असेल तर करा परडी उपडी!”

निसारभाईंनी परडीकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. घास आवरून म्हणाले, “कशी करू बापू? परडी तोंडात हाय!”

चार एक्क्यांवर त्यांना उरल्यासुरल्या दोन सुपाऱ्या लावता आल्या. त्या रविवारपासून डावाला फक्त सालासकट असोली सुपारी. ती निसारभाईंनासुद्धा चावत नाही.

०

नाईक सरांचा किस्सा छोटा आहे. सर प्रत्येक पानाची शक्यता मनात मांडतात. एकदा त्यांचं गणित असं जुळलं की समोरचा कोणीही जिंकूच शकत नव्हता. आता खरं तर गप्प बसून सुपाऱ्या ओढायच्या! पण इतकं सुंदर गणित एकट्याने कसं बघायचं? सरांना राहवेना.

“लक्ष द्या हं सगळ्यांनी,” सर म्हणाले. “मधे ही तीन पानं आहेत. माझ्याकडे समजा अमुक असेल, तर जनूकडे जास्तीत जास्त काय असू शकेल? बरोबर. म्हणजे बापूकडे काय उरलं? काहीच नाही. समजलं?”

“समजलं, सर!” चौघे एका सुरात म्हणाले आणि चौघांनी पानं टाकली.

०

मी हे किस्से ऐकत होते आणि चहा देत होते. चहा देताना घाई करत नव्हते. टेबलावर बसलेल्याला स्वतःची पानं बघायची असतात, ट्रे घेऊन फिरणारीला माणसं बघायला सवड असते. कोणाची पानं बघायची नाहीत हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पानं चोरून बघून शिकले असते तर ती शिकवणी फुकट गेली असती. मी हात बघायचे, मान बघायचे, कोण कधी पाणी मागतो ते बघायचे.

मंदारचं तर बघायलाच नको. चांगली पानं आली की त्याचे कान लाल होतात. आमच्या साखरपुड्यातही झाले होते, त्यामुळे मला तो अवयव आवडतो. पण पोकरला तो घातक आहे. कान लाल झाले की चौघे पॅक. बिचारा कधी जिंकायचाच नाही.

मग त्याने उपाय काढला. ऐन मे महिन्यात, अंगाची काहिली होत असताना, हा माकडटोपी खिशात घेऊन बसला! पानं वाटली. दोन-तीन डाव गेले. मग एका डावात त्याने हळूच टोपी काढली आणि कानांवरून हनुवटीपर्यंत ओढली.

चौघे पॅक!

रात्री मला म्हणाला, “कान तर दिसत नव्हते. मग त्यांना कळलं कसं?”

मी म्हटलं, “टोपी दिसत होती.”

त्याने टोपी उशीखाली सारली. मग म्हणाला, “काकांना मी सांगू का, तुला एकदा घ्यायला?”

“नको,” मी म्हटलं. “तू सांगून मिळालेली जागा तुझीच राहील.”

०

जनूभाऊंचा किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे. होम-स्टेला मुंबईहून एक पाहुणे आले होते. डोळ्यांवर काळा गॉगल, कानात हेडफोन, डोक्यावर उलटी टोपी. मोबाईलवर रोज पोकर खेळतात म्हणे. (पाहुण्याला जागा लगेच झाली, हे मी नोंदवून ठेवलं. खुर्ची मीच आणून दिली.)

पाहुण्यांनी तासाभरात मंदारची परडी साफ केली, सरांची साफ केली. निसारभाईंची होत आली. मधेच आम्हाला ज्ञानही देत होते, “अंकल, पोकर म्हणजे माईंड गेम. मी समोरच्याला वाचतो.”

पुढच्या डावात पानं वाटून होतायत तोच जनूभाऊंनी किनाऱ्याकडे कान दिला, ताडकन उठले आणि परडी टेबलावर उपडी केली. सगळी! उभ्या उभ्या!

पाहुणे गार. गॉगल काढला. हेडफोन काढले. जनूभाऊंचा चेहरा वाचायला लागले. जनूभाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर. “काय ता लवकर कर रे बाबा!”

“घाई करतायत,” पाहुणे स्वतःशी म्हणाले. “म्हणजे मी खेळावं असं त्यांना वाटतंय. म्हणजे पानं जबरदस्त आहेत.” हातात दोन राजे असताना त्यांनी पानं टाकली! आम्हाला दाखवून टाकली, केवढा त्याग केला ते कळावं म्हणून.

“अंकल, आता तरी सांगा. काय होतं?”

“माला काय म्हायती?” जनूभाऊ पायऱ्या उतरत ओरडले. “मी बघितलाच न्हाय! भरती आलीय, माझी होडी तरंगत जातंय तिकडं!”

०

एक किस्सा मात्र सगळे हळू आवाजात सांगतात. मी यायच्या आधीचा, वादळाच्या वर्षीचा.

वादळ येऊन गेलं. पडवीवरची कौलं उडाली. वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या, काड्यापेटी सांडावी तशा. कित्येक दिवस नुसत्या कुऱ्हाडी आणि करवती चालू होत्या. मग रविवार आला. कोणी कोणाला निरोप दिला नव्हता, पण दुपारी बाहेरचे तिघेही आपापल्या घरचा ढिगारा टाकून आले. वर उघडं आभाळ, खाली टेबल. बापूकाका पानं पिसून बसलेले.

परड्या कुठे उडून गेल्या होत्या कोण जाणे. निसारभाई वाडीत उतरले. जमिनीवर हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्यांचा खच पडलेला होता, पावलोपावली. त्यांनी ओंजळी भरभरून आणल्या आणि प्रत्येकापुढे ढीग घातला. एवढे ढीग की पानं ठेवायला जागा उरेना.

“चला,” निसारभाई म्हणाले, “आज सगळेच श्रीमंत!”

कोणीच हसलं नाही. मग बापूकाका हसले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पहिलं पान वाटलं.

त्या दिवशी कोण जिंकलं हे कोणालाच आठवत नाही.

हा किस्सा ऐकल्यावर मला या टेबलाचा राग यायचा कमी झाला. बसायची इच्छा मात्र वाढली.

०

आणि मग नाईक सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते अलिबागला मुलीकडे गेले.

रविवार आला. टेबल मांडलं. चार माणसं, पाच खुर्च्या. मी त्या दिवशी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, ट्रेमधली सुपाऱ्यांनी काठोकाठ भरलेली परडी उचलून समोर ठेवली आणि सरांच्या खुर्चीत बसले.

काकांचा पानं पिसणारा हात थांबला.

“सूनबाई,” बापूकाका म्हणाले, “ती सरांची खुर्ची.”

“माहितीये, काका. तुम्ही म्हणाला होता, जागा झाली की बघू. झालीये.”

निसारभाई खाली बघून दाढी खाजवायला लागले. जनूभाऊ म्हणाले, “व्हय की बापू, बोलला तर होतास तू!” मंदारच्या हातात अजून पानंही नव्हती, तरी कान लाल.

काकांनी पानं दोनदा पिसली. मग म्हणाले, “ठीक. पण कबूल करायचं. उठताना तुझ्या परडीत आत्ता आहेत त्याहून जास्त सुपाऱ्या असल्या, तर दर रविवारी बस. कमी झाल्या, तर हा विषय परत काढायचा नाही. कधीच.”

“आणि सर परत आले की?”

“तू जिंकलीस तर सरांना दुसरी खुर्ची देऊ.”

“म्हणजे जागा आहे,” निसारभाई हळूच म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तोंडात सुपारी टाकली.

मी कबूल केलं.

आणि हरायला लागले! चहाचा ट्रे हातात असताना खेळ किती सोपा वाटत होता! आता माझीच पानं मला दिसत होती, आणि ती बघता बघता बाकी काही दिसेना. काका अनुभवी. थोडं थोडं करून त्यांनी माझी परडी निम्म्याच्या खाली आणली. आतून सासूबाईंनी दोनदा डोकावून बघितलं. तिसऱ्यांदा आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या.

“पाहुण्यांच्या चहाची वेळ झाली,” काका म्हणाले. “हा शेवटचा डाव.”

पानं वाटली. मी माझी दोन पानं एकदाच बघितली आणि पालथी ठेवली. मधली पानं उघडत गेली. बदामाचा राजा. बदामाची दश्शी. किलवरची सत्ती. मंदार पॅक. बदामाची तिर्री. निसारभाई, जनूभाऊही बऱ्याच सुपाऱ्या मधे घालून पॅक. मी अन् काका. शेवटचं पान, चौकटचा राजा.

काका मागे रेलले. आणि त्यांनी मूठभर सुपाऱ्या अलगद पुढे सरकवल्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पाहुणीने हाक मारली, “वहिनी, चहा मिळेल का? आणि जरा गरम पाणी?”

लग्न झाल्यापासून अशा हाकेला मी ‘आले हं’ सोडून दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

“मिळेल,” मी बसल्या जागेवरून म्हटलं. “डाव संपला की.”

आणि परडी उपडी केली.

असोल्या सुपाऱ्या टेबलभर धावल्या. दोन खाली पडल्या. उचलायला कोणी वाकलं नाही.

काकांनी चष्मा सारखा केला. “माझ्याकडे राजा आहे, सूनबाई,” ते म्हणाले. “मधे दोन. माझे तीन राजे होतात.”

मी गप्प.

“पण मधे बदामंही तीन आहेत. तुझ्या हातातली दोन्ही बदामंच असतील तर पाच बदामं होतात. मग माझे राजे गेले.” ते पुढे झुकले. “आहेत का बदामं?”

मी गप्पच.

“अरे, ही काही बोलतच नाही!”

“बापू,” निसारभाई म्हणाले, “ती एरवी तरी कधी बोलते? त्यावरून काय कळणार कप्पाळ!”

काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात परडीच्या काठावर होते आणि तिथेच राहिले. मंदारच्या कानांकडे पाहिलं, ते लाल होते, पण त्याला काहीच माहीत नव्हतं. मग काकांनी आपला राजा सुलटा करून टेबलावर टाकला.

“गेलो मी. पॅक.”

जनूभाऊंनी टेबलावर अशी थाप मारली की आणखी सुपाऱ्या खाली गेल्या. मी दोन्ही हातांनी मधला ढीग ओढला. परडीत मावेना, ओटीत घेतला.

“आता दाखव,” काका म्हणाले.

“नाही, काका. तुम्ही पॅक झालात.”

“अगं, घरातल्या घरात काय! मंदार, तू बघ.”

मंदारने हात पुढे केला. मी माझी पानं एकदा उचलली, शेवटचं बघून घेतली आणि गड्डीत मधोमध घालून टाकली. तेव्हा लक्षात आलं की खुर्चीच्या मागे कोणीतरी उभं आहे. सासूबाई! दारातून कधी माझ्या पाठीशी आल्या होत्या, कळलंच नव्हतं. हातात गरम पाण्याचं पातेलं तसंच.

सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

“वहिनी!” बापूकाका खुर्चीतून अर्धे उठले. “तुम्ही बघितलीत. बघितलीत ना? काय होतं हिच्याकडे? बदामं होती?”

सासूबाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं. पदराने हात पुसले. स्वयंपाकघरातून स्टूल ओढत आणलं, माझ्या आणि निसारभाईंच्या मधे घातलं आणि ऐसपैस बसल्या.

“आधी मला पानं वाटा,” त्या म्हणाल्या. “मग सांगते.”